भाटीचं बारसं : मांजरीला फॅशनेबल नाव ठेवताना

परवा मागच्या इमारतीतल्या काकूंनी गॅलरीतून हाक मारली, "अगं, तुमची पैठणी आमच्या गॅसच्या ओट्यावर बसलीय, घेऊन जा बाई!" त्यांच्याकडे नेमक्या येवल्याहून पाहुण्या आलेल्या. त्या हातातला चहा तसाच ठेवून स्वयंपाकघरात धावल्या. येवल्याच्या बाईला पैठणी ओट्यावर पडलेली कशी बघवणार? तिथे त्यांना दिसली ती तीन रंगांची, जेमतेम अडीच किलोची भाटी, म्हणजे मादी मांजर. माशांच्या पिशवीवर नजर लावून बसलेली.

पैठणी हे नाव मीच ठेवलेलं. तेव्हापासून ओळखीत कुणाकडे मांजरीचं पिल्लू आलं की फोन मला येतो. मागणी ठरलेली असते: मनी, माऊ, चिंगी नको, जरा फॅशनमधलं, स्टायलिश काहीतरी सांग. मनीवर माझा राग नाही. आमच्या आजोळी एकामागून एक पाच मांजरी झाल्या आणि पाचही मनी होत्या, कुणाचं काही अडलं नाही. पण हौसेला मोल नसतं. शिवाय मांजर अंग चाटूनपुसून दारात बसली की अशी काही नटल्यासारखी दिसते, की तिला साधं नाव द्यायला आपल्यालाच संकोच वाटतो. तर पहिल्यांदाच भाटी घरी आणणाऱ्यांसाठी, मी ज्या क्रमाने जाते तो क्रम सांगते. क्रम चुकला तर काय होतं तेही सांगेन, कारण मी तो चुकवलेला आहे.

आधी शेपटी उचला

मराठीत मांजर नपुंसकलिंगी. ‘ते मांजर’, ‘ते पिल्लू’ म्हणता म्हणता आठवडे जातात आणि घरात आलंय ते भाटी की बोका, हा प्रश्न कुणाला पडतच नाही. आमच्याकडे एक पांढरंशुभ्र, झुळझुळीत केसांचं पिल्लू आलं होतं. देणाऱ्याने सांगितलं ‘मुलगी आहे’, आम्ही मान डोलावली. नाव ठेवलं शिफॉन. चार महिन्यांनी शिफॉनने दिवाणखान्यातल्या पडद्यावर मागे वळून जी फवारणी केली, तिच्या वासाने सगळा उलगडा झाला. शिफॉनचा शिफू झाला.

म्हणून नाव शोधण्याआधी पिल्लाची शेपटी हळूच वर करा. शेपटीखाली दोन खुणा दिसतात. बोक्यात त्या दोन्ही गोल ठिपक्यांसारख्या आणि एकमेकींपासून जरा लांब असतात, थेट विसर्गासारख्या. भाटीत वरचा ठिपका आणि त्याच्या अगदी लगत खाली उभी बारीक रेघ. दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लात जाणकारही फसतात. सहा-आठ आठवड्यांनंतर फरक बऱ्यापैकी स्पष्ट होतो. पहिल्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.

रंगावरूनही अंदाज बांधता येतो. पांढरा, काळा आणि नारिंगी असे तिन्ही रंग एकाच अंगावर असतील तर ती जवळजवळ नक्की भाटीच. नारिंगी रंग ठरवणारा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. काळा आणि नारिंगी दोन्ही दिसायचे तर सहसा दोन एक्स लागतात, आणि दोन एक्स म्हणजे मादी. तिरंगी बोका होतो, पण क्वचित, बहुधा गुणसूत्रांत एक एक्स जास्तीचा आला तर. उलट सगळं अंग नारिंगी असेल तर बोका असण्याची शक्यता जास्त. तेव्हा केशरी पिल्लाला ‘अबोली’ म्हणायची घाई करू नका.

आठवडाभर नुसतं बघा

हे सगळ्यात अवघड, कारण घरातल्या पोरांना नाव त्याच संध्याकाळी हवं असतं. त्यांना सांगा, आपल्याकडे बारसंसुद्धा बाराव्या दिवशी करतात.

या आठवड्यात मांजरीकडे कापड दुकानात बसल्यासारखं बघायचं. रंग कुठला, पोत कसा, काठ कुठे संपतो, पदरावर काय आहे. मी हे गमतीने म्हणत नाही. मांजरीच्या रंगांना इंग्रजीत जी नावं आहेत त्यातली दोन तर सरळ कापडाच्या ठाणातून आलेली आहेत. पट्टेवाल्या मांजरीला ‘टॅबी’ म्हणतात. हा शब्द बगदादमधल्या अत्ताबी नावाच्या मोहल्ल्यावरून आला. तिथे पट्ट्यापट्ट्यांचं रेशमी कापड विणलं जायचं, त्या कापडाचं नाव फिरत फिरत युरोपात गेलं आणि तिथे मांजरीला चिकटलं. तिरंगी मांजरीला अमेरिकेत ‘कॅलिको’ म्हणतात. कॅलिको म्हणजे कालिकतचं, आपल्या केरळच्या कोळिकोडचं सुती कापड. पुढे त्यावरची रंगीत छपाई गाजली आणि तसेच ठिपके अंगावर वागवणाऱ्या मांजरीलाही तेच नाव मिळालं. थोडक्यात, आपण मांजरीला कापडाचं नाव देतो तेव्हा काही नवं फॅड करत नाही, बगदादपासून चालत आलेली चाल पुढे नेतो.

तर बघा. पाठीवर पट्टे आहेत का, पोटाकडे ते तुटून ठिपके होतात का? गळ्याशी पांढरं आहे का? असेल तर पूर्ण वेढा आहे की नुसता एक थेंब? पाय किती पांढरे, कुठवर? कपाळावर काही? कानांच्या टोकांवर केसांचा झुबका? आणि ती चालते कशी? काही मांजरी पाय मोजून टाकतात, काही धपाधप चालतात. आमची पैठणी दुसऱ्या गटातली. हे सगळं एका कागदावर लिहून ठेवा. नाव बहुतेक वेळा या कागदातच असतं.

नाशिकचं कपाट आधी उघडा

फॅशन म्हटलं की पोरांचा मोबाइल थेट पॅरिसला जातो. जाऊ दे. पण आपण नाशिककर आहोत. इथून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर येवल्यात हातमागावर पैठणी विणली जाते, आणि गोदाकाठी सराफ बाजार आहे, जिथे पूर आला की दुकानांत पाणी शिरतं आणि ओसरलं की पुन्हा वजनकाटे लागतात. एवढं कपाट हाताशी असताना आधी तेच उघडावं, असं माझं मत.

पैठणीपासून सुरू करू. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मांजरीच्या दृष्टीने तिची खरी श्रीमंती आहे ती तिच्या शब्दांत. काठात-पदरात विणलेला छोटा पोपट म्हणजे मुनिया. चिमणीएवढ्या पिल्लाला हे नाव काय शोभतं! (मांजरीला पक्ष्याचं नाव दिलं म्हणून तिचं पक्ष्यांवरचं प्रेम बदलत नाही, खिडकीला जाळी लावाच.) वेलीसारखी फुलांची नक्षी ती आसावली. लांबसडक, शेपटी हलवत येणारी मांजर असेल तर आसावली, आणि रोजच्या हाकेला ‘आसू’. कोयरी तर सगळ्यांना माहीत आहे. अंग मुडपून झोपलेली मांजर वरून बघा, हुबेहूब कोयरी दिसते. पूर्ण काळी भाटी असेल तर दुसरं काही शोधूच नका. काळ्या लुगड्याला चंद्रकळा म्हणतात, संक्रांतीला नेसतात ती. काळी पैठणी लाल काठाची असली की काळी चंद्रकळा. काळ्या मांजरीच्या वाट्याला फार बोलणी येतात, आडवी गेली वगैरे. तिला चंद्रकळा म्हणून बघा, शेजारणीसुद्धा "चंद्रकळा आली का गं?" असं विचारायला लागतात.

रंगांच्या नावांतही साडीच्या दुकानाचा हात धरावा. गादीवर बसलेला विक्रेता कधी ‘ब्राउन’ म्हणत नाही, तो बदामी म्हणतो, अंजिरी म्हणतो. काळा आणि नारिंगी एकमेकांत कालवल्यासारखी जी भाटी असते, तिला अंजिरी खुलून दिसतं. फिकट मळकट पांढरीला बदामी. राखाडी मांजरीला मात्र ‘राखी’ ठेवू नका, प्रत्येक गल्लीत एक तरी राखीताई असते आणि भलत्याच घरातून ‘ओ’ येते. ‘मोतिया’ही टाळते मी. आपल्याकडे मोती म्हटलं की डोळ्यांपुढे कुत्रा येतो, मांजरीला तो अपमान वाटेल.

कापडांची नावं पुढे नेता येतात. मलमल हे तर मांजरीसाठीच जन्माला आल्यासारखं आहे, तोच आवाज दोनदा, उच्चारायला मऊ. इरकल जरा ठसकेबाज भाटीला. जामदानी ही ढाक्याची, बारीक बुट्ट्यांची, म्हणून पांढऱ्यावर थोडे ठिपके असतील तर. आणि अगदीच गल्लीत वाढलेली, कान फाटलेली, कुणाला न जुमानणारी असेल तर डोंगरी. मुंबईच्या डोंगरीच्या जाड्याभरड्या कापडावरून इंग्रजीत ‘डंगरी’ शब्द गेला, जो पोशाख आज कॉलेज रोडवर मुली घालून फिरतात. फॅशनेबल आणि राकट दोन्ही, अशी नावं फार नाहीत.

आता सराफ बाजार. दागिन्यांची नावं मांजरीच्या अंगावर कशी बसतात हे मला पहिल्यांदा एका ठुशीने शिकवलं. पंचवटीत एका मैत्रिणीकडे राखाडी भाटी आहे, गळ्याभोवती पांढऱ्या केसांचा बारीक वेढा, अगदी गळ्यालगत. ठुशी तशीच बसते, गळ्याला घट्ट, बारीक मण्यांची. तिला पाहिल्यावर दुसरं नाव सुचणंच शक्य नव्हतं. गळ्याखाली छातीवर एकच पांढरा डाग असेल तर तन्मणी, कारण त्यातही माळेपेक्षा खालचं पदक बोलतं. चारही पाय पांढरे असतील तर पैंजण. कपाळावर ठिपका असेल तर टिकली, हे सोपं आहे पण वाईट नाही.

आणि बुगडी. बुगडी कानाच्या वरच्या पाळीत घालतात. गल्लीतली मांजर नसबंदी करून परत सोडतात तेव्हा ओळखू यावी म्हणून तिच्या एका कानाचं टोक कापलेलं असतं. अशी मांजर कुणी घरात घेतली की त्या कापलेल्या कानाकडे लोक ‘अरेरे’ म्हणून बघतात. तिचं नाव बुगडी ठेवा. मी दोन घरांत ठेवायला लावलंय, आणि दोन्हीकडे त्या कानाची चर्चा तिथेच थांबली.

नथ हे नाव मला स्वतःला फार प्रिय. नाशिकच्या नावाची कथा आपल्याला पाठ आहे: लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक इथे कापलं, म्हणून नासिक. नाकावरून नाव पडलेल्या गावात, नाकाशेजारी एका बाजूला काळा ठिपका असलेली मांजर सापडली तर तिला नथ म्हणायला नको? हाक मारताना मात्र ते एका झटक्यात संपतं, म्हणून ‘नथू’ किंवा ‘नथनी’ करून घ्या. (‘नथू’ म्हटल्यावर लोक पुरुषाचं नाव समजतील. समजू दे.)

पॅरिसची नावं घ्या, पण घासून घ्या

परदेशी नावांना माझी ना नाही. त्यातली काही मांजरीला उत्तम जमतात. मिउचिया प्राडा या इटालियन डिझायनरने १९९३ साली ‘मिउ मिउ’ नावाचा ब्रँड सुरू केला, नाव तिच्या घरातल्या लाडाच्या नावावरून. मांजरीने स्वतः सुचवलं असतं तर याहून वेगळं काय सुचवलं असतं? आपल्या आजीला ते ‘म्याऊ म्याऊ’ ऐकू येतं आणि नातीला मिउ मिउ, दोघी खूश.

एल्साही चांगलं. एल्सा स्किआपरेली या डिझायनरने १९३७ मध्ये झगझगीत गुलाबी रंग असा काही गाजवला की तो ‘शॉकिंग पिंक’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यामुळे लालचुटूक नाकाच्या भाटीला हे नाव शोभतं. पोरींना त्याच नावाची कार्टूनमधली राणी आठवेल, त्याला इलाज नाही. आपल्या मातीतलं हवं तर भानू. कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळालं, भारतीयाला मिळालेलं ते पहिलं. एरवी थोरांची आणि देवीदेवतांची नावं मी मांजरीला ठेवू देत नाही. सकाळी सहाला गॅलरीतून ‘चामुंडे, खाली उतर!’ ऐकून शेजारी काय म्हणतील याचा विचार करावा. भानू मात्र घरगुती आहे, चालून जातं.

शिफॉनबद्दल आमचा अनुभव वाईट असला तरी नाव वाईट नाही, आणि वाटतं तितकं परकंही नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी इंदिराराजे, पुढे कूचबिहारची महाराणी, यांनी फ्रेंच शिफॉनची साडी राजघराण्यांत रूढ केली असं सांगितलं जातं. म्हणजे त्या झुळझुळीत कापडाला साडी करणारी बाई मराठी घराण्यातली.

आता घासणं म्हणजे काय ते सांगते. नाव कागदावर लिहून घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला वाचायला द्या. शनेल आणि दिओर ही फ्रेंच फॅशनमधली बडी नावं. शनेल लिहा, आजोबा विचारतील, "कुठलं चॅनल?" आणि रिमोट शोधतील. दिओर लिहा, माझ्या सासूबाईंनी त्याचं आठवड्यात ‘दीर’ केलं. घरात खरे दोन दीर आहेत, त्यामुळे "दीर कचऱ्याच्या डब्यात बसलाय" ही वाक्यं निघायला लागली आणि ते नाव आम्ही गुंडाळून ठेवलं. प्राडाचं काय होतं हे नाशिकला सांगायला नको. ती टेबलावरून पेला पाडते, कुणीतरी ‘राडा’ म्हणतं आणि पुढे तेच नाव राहतं. ट्विगी ही १९६६ साली गाजलेली लंडनची सडपातळ मॉडेल. ट्विग म्हणजे काडी. भाचीने बारीक मांजरीचं नाव ट्विगी ठेवलं, तिच्या वडिलांनी ताबडतोब काडी केलं, आणि दोन मांजरींत भांडण लागलं की ‘काडीने काडी घातली’ हा विनोद रोज.

कार्ल लागरफेल्ड या डिझायनरची मांजर तर स्वतःच प्रसिद्ध होती. निळ्या डोळ्यांची बर्मन जातीची, २०११ साली जन्मलेली, नाव शुपेत. फ्रेंचमधला लाडाचा शब्द आहे. मराठी घरात दोन दिवसांत त्याची शेपटी होते. मला विचाराल तर शेपटी हे नाव मूळ नावापेक्षा बरं आहे.

जे नाव घरच्या तोंडात मोडतं, त्याचं मोडलेलं रूप आवडतंय का हे आधी बघा. तेच टिकणार आहे. आवडत असेल तर बिनदिक्कत ठेवा.

मांजरीचा कानही विचारात घ्या

माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजरीला ६० च्याही पलीकडचे. उंदराचं चीं-चीं तिच्यासाठीच रचलेलं आहे. म्हणून वर चढणारा, ईकारान्त, एखादा ‘श’, ‘स’ किंवा ‘च’ असलेला आवाज ती चटकन टिपते, असा माझा अनुभव. ठुशी, टिकली, रेशमी, मुनिया ही नावं लांबवून हाक मारायलाही सोपी. अक्षरं दोन किंवा तीन. चंद्रकळा चार झाली, पण हाकेला ‘चंदी’ पुरते.

आपलं नाव मांजरीला कळतं का, ही शंका नवख्यांना असतेच. कळतं. जपानमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हे तपासलं. त्यांनी मांजरींना आधी नावासारख्याच लांबीचे चार वेगळे शब्द एकामागून एक ऐकवले, ते ऐकून मांजरी कंटाळल्या, आणि मग त्यांचं स्वतःचं नाव आलं तेव्हा कान हलले, मान वळली. आवाज अनोळखी माणसाचा असला तरी. उठून आल्या का, ते वेगळं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी: कॅट कॅफेत, म्हणजे मांजरी पाळलेल्या कॉफीच्या दुकानात, एकत्र राहणाऱ्या मांजरींना आपलं नाव आणि सोबतच्या मांजरीचं नाव वेगळं ओळखता आलं नाही. घरात दोन-तीन असतील तर नावं एकमेकांसारखी ठेवू नका. मलमल आणि मखमल ऐकायला गोड, पण जेवायला एकीला बोलावलं की दोघी येतील आणि पुढे एकही येणार नाही.

मैत्रिणीच्या लेकीने दोन सख्ख्या बहिणींची नावं जरी आणि तरी ठेवली आहेत. एक सोनेरी झाकेची म्हणून जरी. दुसरी लालसर, तर्रीदार मिसळीच्या रंगाची, म्हणून तरी. ऐकणारे दाद देतात. मांजरी मात्र दोन्ही नावांकडे सारखंच दुर्लक्ष करतात.

मराठी घरासाठी आणखी एक तपासणी, आणि ही मी कुठे वाचलेली नाही, शिकलेय ती कोकोकडून. कोको शनेलवरून ठेवलेलं कोको हे सगळ्या जगात मांजरींचं लाडकं नाव आहे. तिचं खरं नाव गाब्रिएल, आणि १९१० साली पॅरिसमध्ये तिने सुरुवात केली ती टोप्यांच्या दुकानाने. नाव छोटं, गोल, काळ्या भाटीला शोभणारं. पण आपल्या घरात दिवसातून शंभर वेळा उच्चारला जाणारा शब्द कुठला? नको. "भाजी नको", "आता नको", "तिकडे जाऊ नको". बहिणीची कोको प्रत्येक ‘नको’ला मान वर करायची, काही मिळायचं नाही, पुन्हा झोपायची. महिनाभरात तिने दोन्ही शब्दांना उत्तर देणं सोडलं. तेव्हा दिवसभर घरात जे शब्द उडतात, ये, जा, नको, चल, थांब, त्यांच्याशी यमक जुळणारं नाव टाळा.

हाक मारून बघा, मोठ्याने

दोन-तीन नावं उरली की संध्याकाळी गॅलरीत उभं राहून प्रत्येक नावाची पूर्ण आवाजात हाक मारा. लाज वाटली तर ते नाव बाद. मांजर हरवली की रात्री अकराला पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन तेच नाव घेत फिरायचंय.

दुसरी जागा दवाखाना. कार्डावर मांजरीच्या नावापुढे तुमचं आडनाव लागतं आणि ते मोठ्याने पुकारलं जातं. आमच्या पैठणीचं नाव आडनावासकट पुकारलं गेलं तेव्हा बाकावरच्या लॅब्राडोरच्या मालकाने मागे वळून बघितलं, कोण बाई आहेत म्हणून.

नाव अंगवळणी पाडा

पक्कं झालं की पंधरा दिवस एकच रूप वापरा. पैठू, पैठुली, पैठाबाई हे सगळं नंतर. वाटी खाली ठेवण्याच्या आधी एकदा नाव, मग वाटी. कुरवाळण्याआधी नाव. दिवसातून पाच-सहा वेळा, एवढंच. ओरडताना नाव घेऊ नका, "पैठणीऽऽ, खाली उतर!" असं चार वेळा झालं की ती नाव ऐकून पळायला शिकते. ओरडायला ‘ए’ किंवा ‘हॅट्’ पुरेसं आहे. औषध पाजायला, नखं कापायला, पिंजऱ्यात घालायला नावाने बोलावू नका, जाऊन उचला.

मोठी मांजर दत्तक घेतली असेल आणि तिला आधीचं नाव असेल तर तो आवाज जवळपास तसाच ठेवा. मनीची मुनिया सहज होते.

फॅशन नावापुरतीच

पैठणी नाव ठेवलं की कुणीतरी तिला खणाचं परकर-पोलकं शिवायला निघतं, ठुशीला खरीखुरी ठुशी घालून फोटो काढायचा असतो. माझ्या घरात याला बंदी आहे. मांजरीच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. एकदा दोरा, जरीची तार, रिबन किंवा पदराच्या गोंड्याचं सूत तोंडात गेलं की तिला ते थुंकता येत नाही, ते आतच सरकत जातं. आतड्यात अडकलं तर शस्त्रक्रियेची वेळ येते. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नका, तसंच दवाखान्यात न्या. नवी साडी आणली की पदराचे सुटे दोरे गोंड्यांत बांधून होईपर्यंत ती साडी कपाटात ठेवा.

पट्टा घालायचा तर ताण पडल्यावर आपोआप सुटणारा घ्या, नाहीतर गॅलरीच्या गजात अडकून गळफास बसतो. पट्टा आणि मान यांत दोन बोटं गेली पाहिजेत. पट्ट्यावर नाव आणि तुमचा फोन नंबर. घुंगरू नको, ती नाचायला आलेली नाही.

लसीकरणाचं कार्ड मिळालं की त्यावर नाव लिहा. सध्या आमच्याकडे एक नवं पिल्लू आहे, पाच आठवड्यांचं, काळं, गळ्यावर पांढरा थेंब. कार्डावर ‘तन्मणी’ लिहिलंय. पेन्सिलने.